एक आणा आणि हजार दिवे

चेन्नई शहराच्या मध्यातून जाणाऱ्या अण्णा सालै या हमरस्त्यालगत एक मशीद आहे. तेथील मजलिशीच्या जागी पूर्वी एक हजार दिवे लावीत असत, अशी आख्यायिका सांगतात. त्यावरून त्या साऱ्या भागालाच इंग्रजीत ‘थाउजंड लाइट्स’ आणि तमिळमध्ये ‘आयिरम् विळक्कु’ हे नाव पडले. याच वस्तीतील नगरपालिकेच्या एका शाळेविषयी १६ सप्टेंबर १९२० रोजी मद्रास महापालिकेच्या सभेने एक ठराव मंजूर केला. शाळेतील मुलांना दुपारचे खाणे द्यावे आणि त्याचा खर्च दर मुलामागे दररोज एक आण्याहून अधिक होऊ नये, असा तो ठराव होता. महापालिकेचे अध्यक्ष सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांनी सभेपुढे ठेवलेले कारण अगदी साधे होते. या शाळेत येणारी मुले गरीब आहेत आणि त्या गरिबीचा शाळेच्या पटावर फार परिणाम होत आहे, एवढेच ते म्हणाले.

आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र आले, त्यासोबत संपादक मंडळाने साठ वर्षांच्या शालान्त निकालांचा तक्ताही पाठवला होता. तक्ता मोठ्या कष्टाने तयार केलेला आहे. मात्र तो वाचताना मला सारखी थाउजंड लाइट्सची शाळा आठवत राहिली. नोकरीच्या निमित्ताने माझी चौदा वर्षे चेन्नईत गेली. तेथील महापालिकेच्या शाळा मी बाहेरून पाहिल्या, काही आतूनही पाहिल्या, आणि त्यांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की गरीब वस्तीतील शाळेचे यश कशाने मोजावे, हा वाद त्या शहरात दोनशे वर्षे चालू आहे. आपल्या तक्त्यालाही तोच प्रश्न विचारता येईल, म्हणून हा विषय निवडला.

आरंभ सर टॉमस मन्रो यांच्यापासून करावा लागतो. मद्रासचे गव्हर्नर असताना त्यांनी १८२२ मध्ये इलाख्यातील सर्व जिल्हाधिकाऱ्यांकडून देशी शाळांची माहिती मागवली. १० मार्च १८२६ च्या टिपणात त्यांनी तिचा गोषवारा दिला. सुमारे सव्वा कोट लोकसंख्येच्या मुलखात १२,४९८ शाळा निघाल्या, म्हणजे हजार माणसांमागे जवळजवळ एक. मद्रास शहरात तर शाळेत शिकणाऱ्यांच्या पाचपटींहून अधिक मुले घरी शिकतात, असा आकडा आला होता. तो मन्रोंनाही खरा वाटला नाही. या आकड्यांवर पुढे पुष्कळ लिहिले गेले. धर्मपाल यांनी १९८३ मध्ये हे सारे अहवाल ग्रंथरूपाने पुढे आणले, तेव्हा देशी शिक्षणाच्या वैभवाचा पुरावा म्हणून ते सर्वत्र उद्धृत झाले. पण त्याच कागदांत दुसरीही एक हकिगत आहे आणि ती कमी वाचली जाते. बळ्ळारीचे जिल्हाधिकारी कॅम्पबेल यांनी १८२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातील ५३३ शाळांचा वृत्तान्त पाठवला. त्यांत २३ शाळा मराठी होत्या, ही आपल्यासाठी एक जाताजाता नोंद. कॅम्पबेल लिहितात त्याचा आशय असा : विलायती मालामुळे कारागीर वर्ग बुडाला आहे, पूर्वी ज्या गावांत शाळा होत्या त्यांतल्या अनेक गावांत आता एकही उरलेली नाही, आणि मुलाचे कोवळे हातपाय थोडे काम करू लागले की आईबाप त्याला शाळेतून काढून कामाला लावतात. मन्रोंनीही शिक्षणाच्या मागासलेपणाच्या कारणांत लोकांच्या दारिद्र्याचे नाव घेतले. म्हणजे निदान सरकारदप्तरी हे निदान १८२६ पासून उपलब्ध होते.

त्याच मद्रासने जगाला एक अध्यापनपद्धतीही दिली होती. एग्मोर येथील लष्करी अनाथालयाचे प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल यांनी १७८९ च्या सुमारास तेथील एका पडवीतल्या शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना आणि मोठी मुले लहानांना शिकवताना पाहिली. त्यांनी ती रीत आपल्या अनाथालयात आणली आणि १७९७ मध्ये लंडनला तिच्याविषयी पुस्तिका छापली. शिक्षक थोडे आणि मुले फार, अशा ठिकाणी ती उपयोगी पडे. त्यामुळे इंग्लंडमध्ये गरिबांच्या शाळांसाठी ‘मद्रास पद्धती’ म्हणून ती पसरली. जोसेफ लँकास्टर यांची तशीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात आली. जॉर्ज जर्व्हिस आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या काळात आपल्याकडील पहिल्या सरकारी मराठी शाळांना जे वळण लागले, त्यात तिचा वाटा होता. आपल्या आजोबांना धुळपाटीवर मुळाक्षरे गिरवायला लावणारे पंतोजी आणि एग्मोरचे अनाथालय यांचे नाते असे जवळचे आहे. श्रेय मात्र बेलसाहेबांना मिळाले. त्या पडवीतल्या तमिळ पंतोजीचे नाव कोणी टिपून ठेवले नाही.

भुकेलेल्या मुलाला आधी जेवू घालून मग शिकवावे, ही कल्पनाही दक्षिणेत नवी नव्हती. तंजावरच्या भोसले घराण्याने यात्रामार्गावर ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. सरफोजी राजे यांनी ओरत्तनाडू येथे उभारलेले मुक्तांबा छत्र त्यांतले प्रसिद्ध. तेथे वाटसरूंना अन्न मिळे, आणि विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाची व शिकण्याचीही सोय असे. इकडे महाराष्ट्रात गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी आठवड्याची व्यवस्था. या पद्धतीने कितीतरी कर्ती माणसे घडवली, हे खरेच. पण वार कोणाला मिळत असे आणि कोणाला मिळत नसे, हेही आपण जाणतोच. जातीच्या उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या मुलाला छत्रही नव्हते आणि वारही नव्हता. १८९४ मध्ये कर्नल ऑल्कट यांनी अड्यार येथे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मोफत शाळा काढली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. ती शाळा आजही बेझंट नगरमध्ये चालू आहे. त्याआधी वर्षभर, १८९३ मध्ये, मद्रास सरकारने पंचम मुलांच्या शाळांना वाढीव दराने अनुदान देणारा आदेश काढला होता.

वाढीव दर का द्यावा लागला, याचे उत्तर त्या काळच्या अनुदानपद्धतीत आहे. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये एक नियमावली आली. सरकारी तपासनीस वर्षातून एकदा शाळेत यावा, त्याने प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व अंकगणित यांत परीक्षा घ्यावी आणि जितकी मुले जितक्या विषयांत उतरतील त्या हिशेबाने शाळेला पैसे मिळावेत. ‘निकालावर अनुदान’ म्हणून ओळखली जाणारी ही रीत त्याच दशकाच्या अखेरीस मद्रास इलाख्यातही आली. कागदावर ती न्याय्य दिसते. शिकवले तर पैसे, नाही तर नाही. प्रत्यक्षात काय घडले असेल, हे ज्याने एकदाही वर्गावर हजेरी घेतली आहे त्याला सांगायला नको. ज्या मुलाचा बाप भातलावणीला किंवा विणकामाला त्याला घेऊन गेला आहे, ते मूल परीक्षेच्या दिवशी गैरहजर, म्हणून पैसे नाहीत. जे अडखळते ते मूल तपासनिसापुढे उभेच करायचे नाही. जे उभे करायचे त्याच्याकडून ठरावीक धडा घोकून घ्यायचा. स्वतः शाळातपासनीस असलेले कवी व टीकाकार मॅथ्यू अर्नोल्ड यांनी इंग्लंडमध्ये या पद्धतीवर सतत टीका केली. आपल्या देशात मात्र १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळांसाठी तिची शिफारस केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कर्झन यांच्या कारकिर्दीत ती बंद झाली. तोवर एक पिढी शाळेत येऊन, किंवा न येता, मोठी झाली होती. श्रीमंत वस्तीतील शाळेचे अनुदान वाढत गेले आणि गरीब वस्तीतील शाळेचे आटत गेले. तरीही हा सारा हिशेब गुणवत्तेच्या नावाने मांडला जात होता.

म्हणून १९२० चा ठराव मला मोठा वाटतो. त्यागराय चेट्टी हे काही भाबडे दानशूर गृहस्थ नव्हते. देवांग या विणकर समाजातले ते यशस्वी व्यापारी. १९१६ मध्ये डॉ. टी. एम. नायर आणि डॉ. सी. नटेश मुदलियार यांच्यासमवेत त्यांनी ब्राह्मणेतरांची जी संघटना उभी केली, तीच पुढे जस्टिस पक्ष म्हणून ओळखली गेली. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात आणि ते त्या काळीही होते. पण शाळेकडे पाहण्याची त्यांची दृष्टी हिशेबी माणसाची होती. मुले वर्गात नसतील तर मास्तरांचा पगार, इमारतीचे भाडे, फळा-खडू हा सगळा खर्च वाया जातो. एक आणा टाकला तर तो खर्च कामी येतो. त्याच वर्षी मद्रासचा प्राथमिक शिक्षण कायदाही झाला. कायद्याने मुलांना शाळेत बोलावले. मुले तेथे टिकावीत कशी, याची तजवीज महापालिकेच्या ठरावाने केली.

योजना लवकरच आणखी चार शाळांत नेण्यात आली आणि पट वाढला. मग कारकुनी आड आली. प्राथमिक शिक्षण निधीतून मुलांच्या खाण्यावर खर्च करण्यास सरकारने हरकत घेतली आणि १ एप्रिल १९२५ पासून जेवण बंद पडले. मुलांची संख्या झपाट्याने खाली आली. एखाद्या शास्त्रज्ञाने मुद्दाम प्रयोग मांडावा तसे हे घडले. शाळा त्याच, शिक्षक तेच, वस्ती तीच, फक्त दुपारचे खाणे काढून घेतले. सुमारे दोन वर्षांनी सरकारला आपला आक्षेप मागे घ्यावा लागला. महापालिकेच्या शाळांत मुलांची हजेरी पुरेशी नाही आणि दुपारच्या जेवणाने ती वाढेल, हे मान्य करून १,००० गरीब विद्यार्थ्यांपुरती परवानगी देण्यात आली. त्यानंतर मागणी आली ती २५ शाळांतील मुलांसाठी.

पुढचा इतिहास अधिक परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९५३ मध्ये राजाजींच्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी अर्ध्या दिवसाची शाळा आणि उरलेल्या वेळात घरचा व्यवसाय अशी योजना आणली. जातीचा धंदाच मुलाच्या गळ्यात बांधण्याचा हा डाव आहे, अशी टीका झाली आणि १९५४ मध्ये ती मागे घेतली गेली. त्याच वर्षी मुख्यमंत्री झालेल्या कामराज यांचे स्वतःचे शिक्षण लहानपणीच सुटलेले होते. १९५६ मध्ये त्यांनी एट्टयपुरम येथून शाळेतील जेवणाचा कार्यक्रम राज्यभर नेण्यास सुरुवात केली. शिक्षण संचालक ने. दु. सुंदरवडिवेलू यांनी गावोगावच्या लोकांकडून धान्य आणि वर्गणी गोळा करून तो उभा केला. १ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी पौष्टिक आहार योजना आरंभली आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला ती शहरांत आली. तेव्हा अर्थतज्ज्ञ म्हणवणाऱ्या अनेकांनी ही उधळपट्टी आहे असे म्हटले. रामचंद्रन यांनी आपल्या बालपणीच्या उपासमारीची आणि शेजारच्या बाईने दिलेल्या पेजेची आठवण जाहीरपणे सांगितली होती. चित्रपटातला नायक बोलतो आहे, असे काहींना वाटले असेल. भुकेची आठवण मात्र खरी होती.

महाराष्ट्रात आपण या वाटेवर उशिरा आलो. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहात मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही, ही कथा आपण शाळेत ऐकत आलो. परंतु जे काम एका माऊलीने सौभाग्यलेणे विकून केले, ते सरकारी अंदाजपत्रकात यायला पुष्कळ काळ लागला. १९९५ मध्ये केंद्राची योजना आली तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत बांधून मिळत. तो घरी जाई, घरात वाटला जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला, त्यानंतर आपल्या शाळांतून खिचडीचा वास येऊ लागला. न्यायालयापुढे देशभरासाठी नमुना म्हणून तमिळनाडूचा अनुभव होताच.

आता निकालाकडे येतो, कारण तो टाळून हा लेख प्रामाणिक होणार नाही. शंभर वर्षे जेवण दिल्यावर चेन्नई महापालिकेच्या शाळा गुणवत्ता यादीत झळकतात का? नाही. शहरात महापालिकेच्या चारशेहून अधिक शाळा आहेत. २०२४ च्या बारावीच्या परीक्षेत राज्याचा निकाल ९४.५६ टक्के लागला आणि महापालिकेच्या शाळांचा सुमारे ८७ टक्के. हे अंतर एका वर्षाचे नाही. आदल्या वर्षीही चित्र जवळजवळ हेच होते. वर्तमानपत्रे दर मे महिन्यात हे आकडे शेजारी शेजारी छापतात आणि शिक्षकांवर अग्रलेख लिहितात.

या आकड्यांमागची मुले कोण आहेत, हे पाहिल्याशिवाय ते वाचता येत नाहीत. ज्याला थोडेदेखील परवडते तो चेन्नईतला पालक मुलाला खासगी इंग्रजी शाळेत घालतो. महापालिकेच्या शाळेत उरतात ती कोळीवाड्यातील, बांधकामावरच्या मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायकांची, रिक्षावाल्यांची मुले. त्यात दुसरी एक गोष्ट घडली. नदीकाठच्या आणि मध्यवस्तीतल्या झोपड्या हटवून तेथील कुटुंबांना २००० पासून शहराच्या दक्षिण टोकाला कण्णगी नगर आणि पुढे पेरुंबाक्कम येथील वसाहतींत नेण्यात आले. घर पक्के मिळाले, पण शाळा वीसेक किलोमीटर मागे राहिली. शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर हलवलेल्या कुटुंबातील दहावीच्या मुलीने पहाटेची बस धरून जुन्या शाळेत जायचे की शाळा सोडायची? तिने सोडली तर ती निकालाच्या टक्केवारीत दिसणारच नाही, आणि शाळेचा निकाल कदाचित अर्ध्या टक्क्याने सुधारलेला दिसेल. निकालावर अनुदान देणाऱ्या तपासनिसाच्या काळातही हेच होत होते.

अन्नाचा शिकण्यावर परिणाम होतो की फक्त हजेरीवर, हा रास्त प्रश्न आहे. राजश्री जयरामन आणि तनिका चक्रवर्ती यांनी देशभरातील मुलांच्या चाचण्यांचा अभ्यास करून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला : प्राथमिक शाळेत पाच वर्षांपर्यंत माध्यान्ह भोजन मिळालेल्या मुलांचे वाचनातील गुण, वर्षभराहून कमी काळ ते मिळालेल्या मुलांपेक्षा १८ टक्के अधिक, गणितातील ९ टक्के अधिक. वाचनाला अन्न जितके पुरले तितके गणिताला पुरले नाही, हे माझ्यासारख्या गणितात कायम कच्च्या राहिलेल्या माणसाला पटण्यासारखे आहे. तेथे शिकवणारे माणूस लागते. मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत या शतकाच्या आरंभी वस्तीतल्याच तरुण मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमून मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे शिकवले गेले, तेव्हा त्यांचे गुण निश्चितपणे वाढले. करोनानंतर तमिळनाडूने ‘इल्लम तेडि कल्वी’, म्हणजे घर शोधत आलेले शिक्षण, या नावाने स्वयंसेवकांचे संध्याकाळचे वर्ग काढले. राज्याच्या ग्रामीण भागात झालेल्या अभ्यासानुसार शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत बुडालेल्या शिक्षणापैकी दोन तृतीयांश भरून निघाले आणि त्यातला सुमारे चतुर्थांश वाटा या वर्गांचा होता. बेलसाहेबांनी पाहिलेल्या पडवीची येथे आठवण व्हावी.

आणखी एक हिशेब लांब पल्ल्याचा आहे. अठरा ते तेवीस वयोगटातील किती तरुण उच्च शिक्षण घेतात, याची २०२१-२२ ची देशाची सरासरी २८.४ टक्के होती. तमिळनाडूची ४७ टक्के. हे एकट्या जेवणाने झाले असे कोणी म्हणणार नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या सामाईक परीक्षेनंतर सरकारी शाळांतली डॉक्टर होणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. न्यायमूर्ती कलैयरसन समितीच्या शिफारशीवरून २०२० मध्ये त्यांच्यासाठी साडेसात टक्के जागा राखून ठेवल्यावर त्याच वर्षी तीनशेहून अधिक मुलांना प्रवेश मिळाले. मुलांची बुद्धी एका वर्षात बदललेली नव्हती.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी तमिळनाडूने सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली. पहिल्या टप्प्यात १,५४५ शाळा आणि १,१४,०९५ मुले होती. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. चेन्नईत सुरुवात झाली ती शहराच्या उत्तरेकडील शाळांतून, जेथे गिरण्या, गोदी आणि कोळीवाडे आहेत, आणि जेथे त्यागराय चेट्टी यांचे घराणे वाढले. माझ्या चेन्नईतील अखेरच्या महिन्यांत अशा एका शाळेत एका बुधवारी सकाळी गेलो होतो. पोंगल आणि सांबार होते. आठ वाजायच्या आधी मुले आपापली ताटली घेऊन ओळीत बसलेली होती. शिक्षिका नंतर आल्या. एका मुलीच्या कडेवर धाकटा भाऊ होता. तो पटावर नव्हता, तरी वाढणाऱ्या बाईंनी त्याच्यापुढेही घास ठेवला. असे करणे नियमात बसते का, मी विचारले नाही.

आपल्या शाळेत, आम्ही चौथीत असताना, बाईंच्या कपाटात पितळेचा एक डबा असे. त्यात गूळ-शेंगदाणे असत. दुसऱ्या तासाला ज्याची मान खाली जाई, त्याला बाई ‘जा रे, खडू घेऊन ये’ म्हणून कपाटाकडे पाठवीत. खडू आणायला किती वेळ लागावा, हे त्या कधी पाहत नसत. आमच्या वर्गातून चार मुले अशी खडू आणायला जात. त्यांतले दोघे पुढे दहावीला बसले. संपादक मंडळाने पाठवलेल्या तक्त्यात त्या वर्षाचा निकाल एकसष्ट टक्के दिला आहे. त्यात ते दोघे आहेत.